अंगणातला आंबा वाळतोय: मेला की जगेल, हे कसे ओळखायचे?

ताई, तुमच्या प्रश्नातली हकिकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. संगमेश्वरजवळच्या तुमच्या घरासमोर सासऱ्यांनी लावलेले हापूसचे जुने कलम आहे. दिवाळीनंतर त्याची पूर्वेकडची बाजू वाळायला लागली. पाने तांबूस झाली, पण गळली नाहीत, फांदीलाच लटकून राहिली. पश्चिमेची बाजू हिरवी आहे. बुंध्याजवळ एका जागी डिंक आलाय. दोन वर्षांपूर्वी पूर्वेच्याच बाजूला संडासाची टाकी खणली, निघालेल्या मातीने अंगण भरून घेतले आणि वर पेव्हर ब्लॉक बसवले. शेजारी म्हणतात, पावसाच्या आत तोडून टाका, नाहीतर कौलांवर येईल. तुम्ही विचारता, झाड मेलेय का?

आज तरी मेलेले नाही. पश्चिमेची बाजू हिरवी आहे म्हणजे त्या बाजूची मुळे आणि खोडाचा तेवढा भाग काम करतोय. पूर्वेच्या वाळलेल्या फांद्या मात्र परत येणार नाहीत, त्यांची आशा सोडा. उरलेले झाड टिकेल का, हे पाने बघून सांगता येत नाही. त्यासाठी साल, डहाळी आणि बुंधा तपासावा लागतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवा: झाड जिवंत आहे का हा एक प्रश्न, आणि ते उभे राहील का हा दुसरा. कोकणात काय आणि पुण्या-मुंबईत काय, लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. त्यापायी बरी होणारी झाडे तोडली जातात, आणि हिरवीगार पण बुंध्यात कुजलेली झाडे तशीच घराशेजारी उभी राहतात.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला सगळ्यात बोलकी वाटली ती लटकलेली पाने. पान गळणे हे जिवंत झाडाचे काम आहे. देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे झाड स्वतः पेशींचा एक थर तयार करते आणि पान तिथून सुटते. फांदी जिवंत असेल तरच हे घडते. फांदीचे पाणी अचानक बंद झाले तर हा थर तयार व्हायला वेळच मिळत नाही, आणि वाळकी पाने महिनोन्‌महिने चिकटून राहतात. म्हणून पाने झडून उघडी पडलेली फांदी बघून लगेच घाबरू नये. करड्या-तांबूस पानांनी भरलेली फांदी दिसली की मात्र ती झटक्यात मेली असे समजावे. तुमच्या झाडाची एक बाजू अशी झटक्यात गेली, म्हणजे त्या बाजूचा पाणीपुरवठा कुठेतरी तुटला. एक तर मुळांत, नाहीतर खोडात.

आता तपासणी. धारदार चाकू घ्या आणि वाळलेल्या बाजूच्या पेन्सिलीएवढ्या डहाळीपासून सुरुवात करा. साल नखभर खरवडा. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर ती डहाळी जिवंत. तपकिरी, कोरडे दिसले तर तिथे मेलेली. मग बोटाएवढ्या फांदीवर, मग मनगटाएवढ्या, असे खोडाकडे सरकत जा. कुठेतरी कोरड्याचे ओले होईल. ती सीमा खडूने खूण करून ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बघा. सीमा जागच्या जागी असेल तर मर थांबली आहे. खोडाच्या दिशेने खाली सरकली असेल तर चालू आहे. झाडाचे भवितव्य मला विचाराल तर या एका खुणेवर सगळ्यात जास्त कळते, आणि नेमकी तीच कुणी करत नाही.

इथे एक सावधगिरी. जुन्या आंब्याच्या जाड खोडावर हिरवा रंग शोधू नका. तिथली अंतरसाल मुळात हिरवी नसते. ती फिकट पिवळसर किंवा किंचित गुलाबी आणि ओली असते, छेद घेतला की चिकाचा वास येतो. खोडावर हिरवे दिसले नाही म्हणून झाड मेले असे ठरवणारे मला नेहमी भेटतात. खोडावर बघायचा तो ओलेपणा आणि चिवटपणा. मेलेली साल लाकडापासून सुटलेली असते, ठोकली तर पोकळ वाजते, उचकटली तर तुकडाच निघून येतो. छेद घेताना छोटा घ्या, उभा घ्या, आणि खोडाभोवती गोल कधीही नको. चारही दिशांना एकेक पुरे. पूर्वेच्या बाजूला सालीचा उभा पट्टाच मेलेला सापडला तर त्याच्या कडा खडूने आखून घ्या. अर्धे खोड मेलेले असतानाही आंबा जगतो, कारण साधारणपणे ज्या बाजूची मुळे त्या बाजूच्या फांद्या असा पाण्याचा मार्ग असतो.

मग हिरव्या बाजूकडे या. ती हिरवी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आंब्याचे पान वर्षभराहून जास्त टिकते, त्यामुळे खंगत चाललेले झाडही बराच काळ हिरवे दिसते. तिथली एक डहाळी हातात घेऊन शेंड्याकडून मागे बघत या. आंबा एका दमात वाढतो, मग थांबतो. प्रत्येक पालवीच्या शेवटी पानांचे वण दाटीवाटीने बसलेले असतात. त्या दोन दाट जागांमधले अंतर म्हणजे एका पालवीची वाढ. चार-पाच पालव्या मागेपर्यंत ही अंतरे मोजा. आधीची वीतभर आणि अलीकडची दोन-तीन बोटे असतील तर झाडाची ताकद टाकी खणल्यापासून उतरतेय. अंतरे पहिल्यासारखीच असतील तर पश्चिमेची मुळे भक्कम आहेत. पानांचा आकारही बघा. शेंड्याला बारीक पानांचा झुपका आणि मागची डहाळी उघडी, झाडाखाली उभे राहून वर बघितले तर पूर्वी दिसत नसलेले आकाश दिसते, ही खंगण्याची लक्षणे. यंदा पाऊस संपल्यावर पश्चिमेला तांबूस पालवी आली होती का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. त्यांच्या लक्षात असते.

मोहोराबद्दल एक सांगतो, कारण त्याने फसायला होते. ताणाखाली असलेले झाड कधी कधी नेहमीपेक्षा जास्त मोहोरते. घरची मंडळी खूश होतात की झाड सुधारले. अर्धी मुळे गेलेल्या झाडाला ते ओझे झेपत नाही. यंदा कैऱ्या धरल्या तर निम्म्या तरी लहान असतानाच काढून टाका.

आता बुंधा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तुमच्या झाडाचे दुखणे बहुतेक इथेच आहे. जमिनीतून वर येताना झाडाचा बुंधा रुंदावलेला दिसला पाहिजे, मुळांच्या धारा फाकलेल्या दिसल्या पाहिजेत. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत घुसलेले दिसत असेल तर बुंधा भरावाखाली गाडला गेलाय. आंब्याची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर गेलेली असतात. त्यांना हवा लागते. वर फूटभर भराव, त्यावर ठोकून बसवलेले पेव्हर, म्हणजे मुळे गुदमरतात. बुंध्याची साल सतत ओल्या मातीला टेकून कुजते ते वेगळेच. आणि टाकीसाठी खणताना त्या बाजूची जाड मुळे तुटली असणारच. मुळे तुटल्याचा परिणाम झाडावर लगेच दिसत नाही; साठवणीवर ते वर्ष-दोन वर्षे काढते आणि मग एखाद्या कोरड्या मोसमात एकदम कोसळते. म्हणून लोकांना काम आणि मर यांचा संबंध जोडता येत नाही. तुम्ही दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्यात, ते फार बरे केलेत.

टाकी झिरपत असेल तर आणखी वाईट. पूर्वेकडचे चार पेव्हर उचलून कुदळीने नाही, हाताने आणि खुरप्याने माती बाजूला करा आणि बोटाएवढे मूळ उघडे करा. निरोगी मुळाची साल घट्ट असते, आत लाकूड फिकट असते. कुजलेल्या मुळाची साल हातात निसटून येते, आतून काळपट दिसते, वास येतो. माती चिखलासारखी ओली आणि दुर्गंधीची लागली तर झाडाआधी टाकीची दुरुस्ती.

डिंकाकडे आता बघू. आंब्याच्या खोडातून डिंक येण्याची कारणे बरीच आहेत, पण जुन्या कलमात मला पहिली शंका भिरुडाची येते. डिंकाजवळ, फांद्यांच्या बेचक्यात किंवा खाली मातीवर लाकडाचा भुसा पडलेला आहे का ते शोधा. जाडसर, ओलसर, चावून टाकल्यासारखा भुसा म्हणजे आत अळी आहे. ही लांब मिशांच्या मोठ्या भुंगेऱ्याची अळी. पांढुरकी, जाड, पूर्ण वाढल्यावर करंगळीहून लांब. ती सालीखाली आणि मग लाकडात बोगदे करत जाते आणि पाण्याचा मार्गच कापते. एक पूर्ण फांदी अचानक वाळण्यामागे ती बऱ्याचदा असते. भोक सापडले तर भोवतीची मेलेली साल काढा, लवचिक तारेच्या आकडीने अळी ओढून काढा किंवा आतच चिरडा, भोकात शिफारस केलेल्या कीटकनाशकाचा बोळा घाला आणि चिखलाने लिंपून टाका. औषध कुठले आणि किती, हे दापोलीचे कृषी विद्यापीठ, त्यांचे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र किंवा तालुक्याचे कृषी अधिकारी यांना विचारा. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. आठवड्याने बघा. ताजा भुसा दिसला तर अळी अजून आहे.

वाळवीचे मातीचे बोगदे खोडावर दिसले तर लोक सगळा दोष तिच्यावर टाकतात. बहुतेक वेळा वाळवी बाहेरची मेलेली सालच खात असते. माती झाडून टाका आणि खालची साल ओली आहे का ते तपासा. ओली असेल तर तिथला भाग जिवंत आहे.

बांडगुळाचाही एक धोका आहे, नुकसानीपेक्षा गैरसमजाचा जास्त. बांडगूळ स्वतः हिरवे असते, तेव्हा लांबून फांदी हिरवी वाटते. जवळ जाऊन पान बघा, ते आंब्याचे आहे ना. कित्येक जुन्या झाडांवर अर्धी हिरवळ बांडगुळाची असते आणि त्याच्या पुढे गेलेला आंब्याच्या फांदीचा शेंडा वाळलेला असतो.

खोडावर नवे धुमारे फुटले आहेत का, हेही बघा. खालून फूट येणे म्हणजे वरचा भाग उपाशी आहे आणि खालच्यात अजून दम आहे. कलमाच्या झाडात ती फूट कुठून आली याला फार महत्त्व. जुनी भेट कलमे (रोपाला मोठ्या झाडाची फांदी जोडून केलेली) असतील तर सांधा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीपासून हात-दीड हात वर सापडतो, सालीचा पोत तिथे बदलतो. कोय कलमात (कोयीच्या कोवळ्या रोपावर केलेल्या) तो अगदी जमिनीलगत. सांध्याच्या वरची फूट हापूसची, तिच्यातून झाड नव्याने उभे करता येते. सांध्याच्या खालची फूट रायवळाची, म्हणजे ज्या गावठी आंब्यावर कलम बांधले त्याची. ती जोमदार वाढेल, झाड जगले असे वाटेल, आणि काही वर्षांनी फळ येईल ते वेगळेच. ठेवायची तर हे माहीत असून ठेवा, किंवा तिच्यावर हापूसची काडी बांधून घ्या.

हे सगळे आंब्याचे झाले. आवारात दुसरी झाडे असतील तर प्रत्येकाचा हिशोब निराळा. पांढरा चाफा, गुलमोहर, सीताफळ, काटेसावर, पांगारा, साग ही झाडे कोरड्या दिवसांत पूर्ण उघडी होतात. त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये मेलेले म्हणू नये. साग तर पाऊस तोंडावर येईपर्यंत तसाच उभा असतो. त्यांचा निकाल खरवडून लावा, किंवा जुलैपर्यंत थांबा. कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात करपल्यासारखे तपकिरी होतात. 2021 मध्ये तेलंगणात असे इतके निंब एकदम करपले की लोक हवालदिल झाले होते. आपल्याकडेही हे दिसते. बुरशी आणि रस शोषणारा ढेकूण यांचे ते काम आहे, आणि मोठा निंब बहुधा नव्या पालवीने सावरतो. मुंबईत पर्जन्यवृक्ष मात्र पिठ्या ढेकणाच्या हल्ल्यानंतर सावरले नाहीत, रस्त्यांच्या कडेची कितीतरी मोठी झाडे वाळून गेली. तेव्हा एका झाडाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

माडाला, म्हणजे नारळाला, खरवडून बघण्यात अर्थच नाही. त्याच्या खोडाची रचना वेगळी, सालीखाली तो हिरवा थर नसतोच. माडाचा जीव शेंड्यातल्या एकाच कोंबात. खालची झावळे वाळणे नेहमीचे. मधली न उमललेली सुरळी वाळली, हलकेच ओढल्यावर हातात आली आणि बुडाशी कुजल्याचा वास आला, तर काळजी करायची. सुरळी नुकतीच कुजायला लागली असेल तर शेंडा साफ करून औषध भरल्यावर काही माड वाचतात. कोंब गेला तर बाकी झावळे काही महिने हिरवी राहिली तरी माड गेलेला असतो. त्याला बाजूने फूट येत नाही.

आता दुसरा प्रश्न, पडण्याचा. शेजाऱ्यांची भीती मी उडवून लावणार नाही, कौलारू घरावर फांदी येणे ही साधी गोष्ट नाही. मेलेले आंब्याचे लाकूड फार लवकर कुजते. एक-दोन पावसाळ्यांत फांद्या ठिसूळ होतात आणि वारा नसतानाही खाली येतात. मेलेला साग वर्षानुवर्षे उभा राहील, आंबा नाही. म्हणून पूर्वेच्या मेलेल्या फांद्या घराच्या बाजूला असोत-नसोत, यंदाच्या मृगाच्या आत उतरवाच.

अख्खे झाड पडेल का, हे बुंध्यावर ठरते. खोडातून किंवा मुळांवरून कडक, अर्धगोल, वरून तपकिरी आणि कडेला पांढरी अशी फळीसारखी बुरशी आली असेल तर आतले लाकूड कुजतेय. वरचा डेरा हिरवा असला तरीही. घराजवळच्या झाडाला ही बुरशी बुंध्यात दिसली तर मी ते काढायलाच सांगेन. तीच बुरशी फक्त मेलेल्या फांदीवर असेल तर फांदी कापली की काम झाले. झाड ज्या बाजूला झुकलेय त्याच्या उलट बाजूला जमिनीत नवी भेग पडली, माती उचलली गेली, तर त्या दिवशीच झाडाखालचा वावर बंद करा. तुमची मुळे पूर्वेला तुटली आहेत, म्हणजे झाड पश्चिमेकडे कलंडण्याचा धोका जास्त. घर कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही लिहिले नाही, तेवढे ताडून बघा. खोड पोकळ असणे मात्र आपोआप धोक्याचे नाही. मधले लाकूड तसेही पाणी वाहत नाही, बाहेरची भिंत जाड आणि अखंड असेल तर पोकळ आंबा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकत जा. आवाज जिथे बदलतो तिथे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

तुमच्या झाडासाठी मी हा क्रम धरेन. आधी पेव्हर काढा, खोडाभोवती निदान हातभर-दोन हात तरी, आणि जमेल तितके फांद्यांच्या घेरापर्यंत. भराव हाताने उपसा, बुंध्याचा मूळचा फाकलेला भाग उघडा होईपर्यंत. जेसीबी लावू नका. मग मेलेल्या फांद्या. जिथे ओली साल सुरू होते त्याच्या चार बोटे आत कापा. जाड फांदीला आधी खालून चीर घ्या, मग वरून कापा, नाहीतर फांदी पडताना खोडाची जिवंत साल सोलून नेते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून एकत्र करायचे. लोखंडी पाते त्यात बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. ताजी वापरा, उरलेली टाकून द्या.

पाणी बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली द्या, आठवड्यातून एकदा आणि भरपूर, पाऊस लागेपर्यंत. वर पालापाचोळ्याचा जाड थर, खोडापासून वीतभर लांब ठेवून. युरिया अजिबात नको. मुळे नसलेल्या झाडाला रासायनिक खत पाजून पालवी काढायला लावणे म्हणजे उरलेली साठवण संपवणे. शेणखतसुद्धा पाऊस सुरू झाल्यावर.

मग वाट बघायची ती ऑक्टोबरपर्यंत. पावसाळ्यानंतर पश्चिमेला चांगली लांब पालवी आली आणि खडूची खूण हलली नाही, तर झाड तुमच्याकडे अजून बरीच वर्षे आहे. पालवी आलीच नाही किंवा दोन बोटांची आली, आणि कोरडे खोडापर्यंत उतरले, तर तोडायचा निर्णय घ्या.

तोडायची वेळ आलीच तर परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. खासगी जागेतले, वाळलेले झाड असले तरी. ग्रामीण भागात 1964 चा झाडतोड नियमनाचा कायदा लागतो आणि आंबा त्याच्या यादीत आहे. अर्ज वनखात्याकडे करायचा. नगरपालिका, महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आणि वृक्ष अधिकारी. पन्नास वर्षांपुढच्या झाडाला 2021 च्या दुरुस्तीने शहरी भागात वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, त्यामुळे तिथे वय विचारले जाईल. झाड मेलेले किंवा धोकादायक असेल तर परवानगी अडत नाही, पण पाहणी होते आणि तिला वेळ लागतो. म्हणून फोटो आताच काढून ठेवा: लटकलेली पाने, खरवडलेल्या डहाळ्या, बुंधा, खडूची खूण आणि तारीख. अर्जाला तेच जोडायचे.